रिकामी वाटी परत जायची नाही

"खाली या! आणि हे उचलायला या! येताना चप्पल घाला, मागच्या बोळात तुमच्याच बाटल्यांच्या काचा आहेत!"

सकाळची वेळ. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बँकेतले एक साहेब. अंगात बनियन, हात अजून कठड्याबाहेर, आणि त्या हातातून नुकतीच सुटलेली प्लास्टिकची पिशवी खाली विमलताई टिपणिसांच्या पायाशी फुटलेली.

"अहो ताई, कचरा आहे तो," साहेब वरून समजावणीच्या सुरात म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. टाकला म्हणजे कुठे टाकला? पत्ता सांगा!"

"पत्ता?"

"पेटीत पोस्टकार्ड टाकता, त्याच्यावर पत्ता घालता ना? मग हे कोणाला पाठवलंत?"

एव्हाना आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. साहेब खाली येईपर्यंत ताईंनी छत्रीच्या टोकानं पिशवी उलगडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती. "शेंगांची टरफलं, बटाट्याची सालं... काल पाहुणे होते वाटतं. हा श्रीखंडाचा डबा. आणि वहिनी तर सांगत होत्या, साहेबांना डॉक्टरांनी साखर बंद केलीय!"

साहेबांनी एकेक टरफल उचललं. त्यानंतर त्या माणसानं असा धसका घेतला, की म्हणे बँकेत कागद टोपलीत टाकायच्या आधीसुद्धा तो खिडकीतून खाली वाकून बघायचा. हे मी पाहिलेलं नाही. पण पाहिलं असतं, तर असंच दिसलं असतं.

मी त्या वेळी नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात कारकून होतो. कुठल्या नगरपालिकेत ते विचारू नका. अंबरनाथकर सांगतील बदलापूरच्या, बदलापूरकर सांगतील अंबरनाथच्या, आणि उल्हासनगरवाले दोघांकडे बोट दाखवून आपला नाला पुढे ढकलतील. नव्वदीची सुरुवात होती. गावात इमारती पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवत होत्या, आणि प्रत्येक इमारत जन्मल्याबरोबर बाळानं करावं ते पहिलं काम करत होती: घाण. ती उचलायला आमच्याकडे एक ट्रॅक्टर होता. तो सुरू झाला की गावात बातमी व्हायची.

विमलताईंचा आवाज हा आमच्या खात्याचा दुसरा ट्रॅक्टर. मोरिवलीच्या बाजूला त्या एकदा कुणावर तरी ओरडल्या, तर दोन कारखान्यांतले कामगार भोंगा झाला समजून जेवायला बाहेर आले.

त्या नगरसेविका झाल्या त्याची गोष्टही गमतीची. पक्षाला खरे हवे होते टिपणीससाहेब. साहेब अंबरनाथच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात अधिकारी, सरळ माणूस, शब्दाला वजन. वजन असणारच, कारण शब्द फार कमी. दिवसाकाठी मोजून पाचसहा, त्यांत एक 'चहा' आणि एक 'बरं'. पण सरकारी नोकरी, निवडणूक लढवता येईना. तेवढ्यात आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पक्षातली मंडळी म्हणाली, मग वहिनींना उभं करा, सही करायला सांगू तिथे करतील. वहिनी निवडून आल्या, आणि सही सोडून बाकी सगळं करू लागल्या.

एक गोष्ट मात्र त्या कधीच करत नसत. बसत नसत. सभागृहात त्यांच्या खुर्चीचं रेक्झिन शेवटपर्यंत दुकानातल्यासारखं चकचकीत राहिलं. सभा चालू असताना त्या खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत, जाता जाता जमिनीवरच्या टाचण्या वेचत. बोलणाऱ्या सभासदाची मान त्यांच्याबरोबर फिरे, आणि बोलायचा मुद्दा हरवे. घरी ओट्याशी उभ्यानं जेवण. माझी अशी खात्री आहे, की स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांना आवडली असेल ती फक्त सप्तपदी.

त्या घरात वस्तूला निवृत्तीचं वय नव्हतं. साडी जुनी झाली की तिची गोधडी. गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं, आणि फडकं शेवटी बंबात जाऊन साहेबांच्या आंघोळीचं पाणी तापवी. शिराळ्याच्या शिरांची चटणी मी तिथे इतक्या वेळा खाल्ली, की मूळ शिराळं कुठे जातं हे विचारायचं राहूनच गेलं. आणि वाटी. शेजारून कुणी वाटीभर काही दिलं, तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. आपल्यात तसं बहुतेक घरी पाळतात, पण ताईंनी ते कायद्याच्या वर नेऊन ठेवलं होतं. घरात काही नसलं तर लिंबू, लिंबू नसलं तर कढीलिंबाची काडी. एकदा माझा डबा त्यांच्याकडे राहिला, तो परत आला तेव्हा त्यात धुतलेला, पुसलेला एकच लसणीचा गड्डा होता. "रिकामी वाटी परत करणं म्हणजे 'पुन्हा देऊ नका' म्हणणं," त्या म्हणायच्या.

तर अशा बाईच्या हाती आम्ही गावचा कचरा दिला.

पहिल्यांदा त्या मला घेऊन उल्हासनगरला गेल्या, कॅम्पातल्या लच्छूमलकडे. लच्छूमल चिंध्यांचा व्यापारी. शिवणकामाच्या कारखान्यांतली कातरणं त्याच्या गाळ्यात छताला टेकलेली, आणि रंगारंगानं वेगळी: निळी एकीकडे, पांढरी एकीकडे, सुती वेगळी, टेरिलीन वेगळी. ताई त्या ढिगांमधून अशा फिरल्या, जशा इतर बायका दागिन्यांच्या दुकानातून फिरतात.

"हे सगळं विकलं जातं?"

"दीदी, अलग है तो माल है," लच्छूमल म्हणाला. "मिक्स किया तो मैं भी नाक पकडूंगा."

"काच? पत्रा? रद्दी?"

"सब लेगा. लेकिन अलग करके देना, हां. सुका पाहिजे."

"आणि भाजीची सालं, उरलेलं अन्न?"

लच्छूमलनं कानाला हात लावला. "वो अपनी लाइन नहीं, दीदी. वो गाय की लाइन है."

निघताना ताईंनी चहाचा कप विसळून परत केला, आणि बशीत पर्समधल्या दोन वेलच्या ठेवल्या. लच्छूमल कितीतरी वेळ त्या वेलच्यांकडे बघत होता. "तीस साल से चाय पिला रहा हूं," तो मला म्हणाला, "ये पहली कस्टमर है जिसने कुछ वापस दिया."

परतीच्या रिक्षात ताई अर्ध्या उभ्याच होत्या. "झालं! घराघरात दोन बादल्या. सुकं लच्छूमलकडे. ओलं मंडईमागच्या मोकळ्या जागेत, खड्ड्यांत. खड्ड्यातलं खत खेड्यांत. खेड्यातली भाजी परत मंडईत. सांगा, यात कचरा कुठे राहिला?"

मी म्हटलं, "ताई, मंडईमागच्या जागेवर अध्यक्षसाहेबांना दुकानांचे गाळे काढायचेत."

"मग त्यांना ओल्यात टाकू की सुक्यात, ते सांगा," ताई म्हणाल्या.

अध्यक्ष गोड माणूस होता. इतका गोड, की त्याच्या पुढ्यातल्या चहात साखर घालत नसत. त्यानं भर सभेत हात जोडले. "ताईंची योजना सोन्यासारखी आहे. एक वर्ष करून बघू. खत झालं आणि खेड्यातल्या लोकांनी ते खरंच वापरलं, तर खड्डे राहतील. नाही वापरलं, तर खड्डे बुजवून गाळे. चालेल?"

सगळे हसले. ताई खिडकीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चालेल."

पुढचे काही महिने आमच्या गावानं शांत झोप घेतली नाही. ताई पहाटे बादल्या तपासत, दुपारी खड्डे. हातात लोखंडी पहार घेऊन स्वतः ढीग उलटवत. खड्डा आतून इतका तापायचा, की थंडीत मंडईतली कुत्री त्याच्या काठाला रांगेनं झोपत आणि जागेवरून भांडत. वासाच्या तक्रारी आल्या. मग वास गेला, तेव्हा वास कुठे गेला म्हणून तक्रारी आल्या. फाल्गुनात एक दिवस ताई मूठभर काळीभोर माती घेऊन कचेरीत शिरल्या आणि टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येकाच्या नाकाखाली धरू लागल्या. "घ्या वास! रानाचा वास येतोय की नाही?" त्या दिवशी ज्यांना मिशा होत्या त्यांच्या मिशांना खत लागलं, ज्यांना नव्हत्या त्यांना आल्या.

खत तर झालं. आता ते नेणारा हवा होता.

सोनिवलीच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला एक वाडी होती. तिथला बाळाराम बाजाराच्या दिवशी चारपाच बैलगाड्यांबरोबर मंडईत भाजी आणायचा. उंच, काटकुळा, कानात बिडी, आणि खोटं बोलायची अजिबात सवय नसलेला. हा गुण पुढे फार महाग पडला. ताई वाडीवर गेल्या, ओटीवर न बसता अंगणात फेऱ्या मारत सगळं सांगितलं. बाळारामनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाय जमायचा, ताय. तुमच्या गावाचा उष्टा ता. त्याच्यावर पिकलेला भात देवाला कसा दाखवू? नवं झालं की पयला घास देवाचा असतो."

"अरे, शेण चालतं ना?"

"शेण गाईचा. गाय काय गॅलरीतून टाकते?"

मग बाळारामची बायको उंबऱ्यातून म्हणाली, "राबाला घ्या की. त्या तुकड्यातला कोन खातंय?" राब म्हणजे भाताची रोपं टाकायचा छोटा तुकडा. तिथली रोपं पुढे उपटून मोठ्या शेतात लावतात. बाळारामनं विचार केला, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हां. राबाला चालंल."

ताई आनंदानं जवळजवळ उडाल्या. दुसऱ्याच आठवड्यात खड्ड्यांतलं वर्षाचं खत आमच्या ट्रॅक्टरनं वाडीवर पोचतं झालं.

आता इथे एक घोटाळा झाला. ताई वाढल्या दादरला, त्यांची शेती कुंडीपुरती. वाडीचे लोक खत काय करतील हे त्यांनी विचारलं नाही. या मालाचं काय करायचं हे वाडीनंही विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, यात विचारण्यासारखं आहे काय?

वैशाखात ताईंनी अध्यक्षांना आणि चार सभासदांना पालिकेच्या जीपमध्ये कोंबलं. "चला, डोळ्यांनी बघा!" मी मागे फळीवर होतो. सोनिवली ओलांडली, वळण घेतलं, आणि समोर आभाळात एक जाड, निळसर, आळशी धुराचा खांब.

"काय जळतंय?" एक सभासद म्हणाला.

जीप थांबली. बाळाराम धावत आला, तोंडभर हसत. "ताय, आलीस? बघ, बघ कसा राब लागलाय! पाला कमी आन् तुजा माल जास्ती. दोन दिस झालं, इझतच नाय! असा राब माज्या बापानं नाय पायला!"

त्या भागात पावसाआधी रोपांच्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेण पसरून जाळतात. माती भाजते, तण मरतं. बापजाद्यांपासूनची रीत. शहरातून गाडीभर काळं, कोरडं काहीतरी ऐन राबाच्या दिवसांत आलं, तर शहाणा माणूस त्याचं दुसरं करणार काय? सबंध गावाच्या दोन बादल्या, सगळ्या साली, सगळी भांडणं, वर्षभराची पहार, सगळं वाडीनं नीट, मन लावून, वरून शेणी रचून पेटवलं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. बैलांनाही वाटलं असावं, ते आधीच बाजूला झाले. पण ताई ओरडल्या नाहीत. त्या धुरात शिरल्या आणि तुकड्याच्या कडेकडेनं भराभर फिरायला लागल्या, कुठे न जळलेलं राहिलंय का बघत. जिथे धग दिसेल तिथे पायानं तुडवत. एका चपलेचा तळ वितळून मातीला चिकटला, तो तिथेच राहिला. ताई एक पाय अनवाणी जीपकडे आल्या.

अध्यक्ष फार गोड आवाजात म्हणाला, "ताई, धूर मात्र छान आहे."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे बसले होते. ताई मागच्या फळीवर माझ्याशेजारी दांडा धरून उभ्या होत्या. गाव येईपर्यंत त्यांच्या तोंडून एक अक्षर आलं नाही. टिपणीससाहेबांच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा साहेब जास्त बोलले असतील.

पण पाऊस पडला, आणि त्या तुकड्यावर रोपं अशी दाट आली की त्यांच्यात हात घातला तर बाहेर निघेना. बाळारामनं आजूबाजूच्या वाड्यांना रोपं वाटली. ताईंना ते कळलं मात्र, त्यांच्या अंगात वारं शिरलं. आषाढात वर्षाची सभा होती. ताईंनी बाळारामला सरळ सभागृहात आणून उभा केला. त्यानं चिखलासकट रोपांची जुडी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. पाणी ओघळून विषयपत्रिकेवर गेलं.

"बघा!" ताई म्हणाल्या. "कोणी वापरलं नाही म्हणता? हे बघा!"

अध्यक्षांनी रोपं हातात घेतली, कौतुक केलं. मग बाळारामकडे वळून म्हणाले, "बाबा, अगदी खरं सांग. हे खतामुळे आलं, की जाळल्यामुळे?"

ताई खिडकीपाशी थांबल्या. बाळारामनं रोपांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

"जालल्यामुलं," तो म्हणाला.

ठराव झाला. पावसानंतर खड्डे बुजवायचे, त्यात असेल ते नाल्यात टाकायचं, आणि गाळे काढायचे.

बाहेर जिन्यावर ताईंचा भोंगा वाजला. "अरे, तुझ्या जिभेला काही हाड? एवढं तुझ्यासाठी..."

"सायबापुढं खोटं बोलू का?" बाळाराम शांतपणे म्हणाला. "पन ताय, आनखी असंल तर दे. मस जलतंय."

कार्तिकात कंत्राटदाराची माणसं फावडी घेऊन आली. तो बाजाराचा दिवस होता. खड्ड्यांत ताईंचं दुसऱ्या हंगामाचं खत तयार पडलं होतं, पहिल्यापेक्षाही काळं, आणि माणसं त्याचा नाल्याच्या बाजूला ढीग लावायला लागली होती. ताई खड्ड्यांपासून मंडईपर्यंत, मंडईपासून खड्ड्यांपर्यंत, वावटळीत सापडलेल्या कागदासारख्या फिरत होत्या. मी मागे होतो, धापा टाकत. मंडईच्या दाराशी वाडीच्या गाड्या भोपळे, काकड्या उतरवून माघारी वळत होत्या.

ताई एकदम थांबल्या.

"बाळाराम! गाडी अशीच नेतोस?"

"मंग कशी नेऊ?"

"रिकामी?"

"माल इकला, ताय. आता रिकामीच जायाची. नेमी तशीच जाते."

"नेहमी?" ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग असा वर गेला, की मंडईच्या पत्र्यावरची कबुतरं गाव सोडून वांगणीला गेली. "अरे देवा! मी कुणाकुणाच्या दारात गेले! ठराव केले, जीप नेली! आणि इथे तू वर्षानुवर्षं वाटी भरून आणतोस आणि माझं गाव तुला ती रिकामी परत देतंय! दर बाजाराला! तुझ्या तोंडावर! आणि मी दारोदार वाटीत लिंबं टाकत फिरतेय!"

बाळारामला वाटी कळली नाही, पण ताई कळल्या. "पन आता राब कुटं हाय, ताय? भात कापला. आता तिथं वाल टाकायचं."

"वालालाच घाल. आणि जाळायचं नाही!"

"वाल तर खायाचं. देवाला कसं दाखवू? उष्टा..."

"ऐक. पहिले वाल माझ्या घरी आण. मी बिरडं करते, आणि पहिला नैवेद्य माझ्या देवाला दाखवते. तो कोपला तर टिपणिसांवर कोपेल. नाही कोपला, तर मग तू दाखव."

बाळारामनं कानातली बिडी काढली, पाहिली, परत ठेवली. न्याय त्याला पटलेला दिसला. "तुजा देव रागावला तर?"

"आमचा देव मी गेली वीस वर्षं सांभाळतेय. त्याला सवय आहे."

गाड्या मागे फिरल्या. कंत्राटदाराची माणसं खूष, कारण नाल्यापर्यंत ओढायचं वाचलं. खड्डे रिकामे झाले, अध्यक्षांना गाळे मिळाले. पण तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मंडईतली सगळी सालं, देठं, सडका पाला भरूनच वाडीच्या गाड्या परत जायला लागल्या, आणि खड्डे वाडीवरच खणले गेले. या गोष्टीचा कुठल्याही ठरावात उल्लेख नाही. कुणी तसा ठराव आणायला गेलं असतं, तर कुणी तरी विरोधही केला असता.

माझ्या डोळ्यांपुढे आहे ती मात्र त्या दिवसाची शेवटची गाडी. खत शिगोशीग भरलेलं. ताईंनी पुढे होऊन बाळारामच्या खिशातली आगपेटी काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "मी येते. पसरून होईपर्यंत ही माझ्याकडे."

"बिडी कशी वडू मंग?"

"ओढू नकोस."

मग त्या चाकावर पाय देऊन वर चढल्या. मला वाटलं, उभ्या राहतील, दांडा शोधतील. पण तिथे दांडा नव्हता. गाडी हलली, आणि विमलताई टिपणीस त्या काळ्या ढिगावर, पदर गुडघ्यांवर ओढून, मांडी घालून बसल्या. सावकाश. मागे वळून बघितलं नाही. गाडी सोनिवलीच्या रस्त्याला लागली, तरी मला त्यांची पाठ दिसत होती, बैलांच्या चालीवर हलकी डुलणारी.

मी धावत टिपणीससाहेबांकडे गेलो. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते.

"साहेब, ताई गेल्या! वाडीवर! बैलगाडीतून, खतावर बसून!"

साहेबांनी पेपर खाली केला.

"बसली?" ते म्हणाले. "मग दमली असेल."